इंग्रजी वाक्प्रचार आणि आपण इंदूरकर: शिकवणीत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रामबागेतल्या माझ्या घरी संध्याकाळी इंग्रजी संभाषणाची शिकवणी चालते. भंवरकुआजवळ खोली घेऊन एसएससीचा, म्हणजे केंद्र सरकारच्या नोकरभरती परीक्षेचा, अभ्यास करणारी मुलं येतात, सुपर कॉरिडॉरवरच्या कंपन्यांत नुकतेच लागलेले येतात आणि लेकीच्या बाळंतपणासाठी परदेशी निघालेल्या आज्याही येतात. माणसं बदलतात, प्रश्न बदलत नाहीत. दरवेळी नव्याने घसा कोरडा करण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवते.

वाक्प्रचार म्हणजे नेमकं काय? म्हणीपेक्षा तो वेगळा कसा?

सुट्या शब्दांचे अर्थ जोडून जो कळत नाही, तो वाक्प्रचार. वर्गात उत्तर येतं म्हणून मुलगा हात वर करतो आणि उसने पैसे परत मागितले की त्याचा काका हात वर करतो. शब्द तेच, पण काकाच्या हातांचा अर्थ ज्याला आधीपासून माहीत आहे त्यालाच कळतो. इंग्रजीत 'स्पिल द बीन्स' म्हणजे घेवड्याचे दाणे सांडणं नव्हे, गुपित फोडणं.

म्हण हे अख्खं वाक्य असतं, ती जशीच्या तशी टाकायची. 'नाचता येईना अंगण वाकडे'ला आपण कधी भूतकाळात नेत नाही. तसंच 'अ बॅड वर्कमन ब्लेम्स हिज टूल्स'. वाक्प्रचार मात्र वाक्यात मुरतो, त्यातलं क्रियापद काळाप्रमाणे वळवावं लागतं. मुलं तिथेच घसरतात. पाठ केलेलं रूप जसंच्या तसं ठोकून देतात, 'यस्टरडे ही स्पिल द बीन्स'. वाक्प्रचार बरोबर आणि वाक्य चूक, असं झालं की ऐकणाऱ्याच्या लक्षात चूकच राहते.

शब्दाला शब्द ठेवून भाषांतर केलं तर काय बिघडलं? घरी तर सगळ्यांना समजतं.

घरी समजतं, कारण घरी सगळेच इंदूरचे असतात. आमच्या ओळखीतल्या एका मुलाने पुण्याहून आलेल्या मामीला सांगितलं, 'मामी, माझ्या पोटात उंदीर धावताहेत.' मामीने आधी त्याच्या आईकडे पाहिलं, मग त्याच्या पोटाकडे. मराठी पोटात भुकेने कावळे ओरडतात. उंदीर धावतात ते हिंदी पोटात. शाळा हिंदीची, मित्र हिंदीचे, आई मराठी, त्यामुळे त्याच्या पोटात दोन्ही जनावरं नांदतात. इंग्रजी माणसाला याच भुकेने आख्खा घोडा खावासा वाटतो, 'आय कुड ईट अ हॉर्स'. उंदीर इंग्रजीतही आहे, पण तो संशयाच्या खात्यात. 'आय स्मेल अ रॅट' म्हणजे इथे काहीतरी गडबड दिसते. तीच गडबड हिंदीत डाळीतल्या काळ्यासारखी दिसते आणि मराठीत कुठेतरी पाणी मुरत असतं.

म्हणजे एका भाषेतलं जनावर दुसऱ्या भाषेत सोडलं की काय होतं, ते आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. पुण्या-मुंबईच्या मुलांपेक्षा इंदूरच्या मुलांना हे मी लवकर समजावू शकते, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

आता घरोघरी चालणाऱ्या तीन चुका. 'डोंट ईट माय हेड': डोकं खाणं हे आपलं, इंग्रजाला यात नरभक्षण दिसेल. तिथे 'स्टॉप पेस्टरिंग मी' म्हणा. 'आय ॲम गिव्हिंग द एक्झाम': आपण परीक्षा देतो, पण तिकडे परीक्षा घेणारा ती देतो आणि विद्यार्थी ती 'टेक' करतो किंवा तिला 'सिट' होतो. तिसरं 'आउट ऑफ स्टेशन'. ही चूक नाही, इंग्रजांच्या राज्यात नेमणुकीच्या गावाला स्टेशन म्हणत, तिथून ते आलं. भारतात खुशाल वापरा. लंडनमध्ये वापरलंत तर ऐकणारा तुम्हाला फलाटाबाहेर उभं करून ठेवेल.

पण काही वाक्प्रचार दोन्ही भाषांत हुबेहूब सारखे असतात. ते कसे?

काही थेट इंग्रजीवरून घेतलेले आहेत. 'पांढरा हत्ती' हा त्यातला. सयामच्या राजाची मर्जी उतरली की तो दरबाऱ्याला पांढरा हत्ती भेट देई, तो विकता येत नसे नि पोसताही येत नसे, अशी ती कथा. इंग्रजीतून तो हत्ती आपल्या वर्तमानपत्रांत आला आणि बंद पडलेल्या सरकारी प्रकल्पांच्या दारात झुलतो आहे. 'क्रोकोडाइल टिअर्स'चं 'नक्राश्रू' असं भारदस्त संस्कृत रूपही आपण करून घेतलं. काही इसापाच्या गोष्टींतून दोघांकडे गेले: 'सावर ग्रेप्स' आणि कोल्ह्याची आंबट द्राक्षं.

आणि काही बहुधा दोघांना स्वतंत्रपणे सुचलेले. 'आउट ऑफ द फ्राइंग पॅन इंटू द फायर' आणि 'आगीतून फुफाट्यात'. ही जोडी प्रत्येक पुस्तकात असते, पण नीट पाहिलंत तर दोघांच्या दिशा उलट्या आहेत. इंग्रज तव्यातून आगीत पडतो, म्हणजे वाईटातून जास्त वाईटात. आपण आगीतून निघून फुफाट्यात, तापलेल्या राखेत पडतो. आग संपली, भाजणं संपलं नाही. मला आपली आवृत्ती आयुष्याला जास्त धरून वाटते. परीक्षेत मात्र दोन्ही समानार्थी धरा, तिथे वाद घालू नका.

सारखे दिसतात पण अर्थ वेगळा, असे कोणते?

याच प्रश्नाला सगळ्यात जास्त वेळ द्यायला हवा, कारण अनोळखी वाक्प्रचार आला की माणूस सावध होतो. ओळखीचा चेहरा दिसला की गाफील राहतो.

पहिला 'पुल समवन्स लेग'. एका विद्यार्थ्याला त्याच्या परदेशी वरिष्ठाने फोनवर काहीतरी थापा मारल्या आणि मग हसत म्हटलं, 'आय ॲम जस्ट पुलिंग युअर लेग.' मुलगा दोन दिवस धुमसत होता. मराठीत पाय ओढणं म्हणजे वर चढणाऱ्याला खाली खेचणं. साहेब स्वतःच्या तोंडाने कबुली देतो आहे, असं त्याला वाटलं! इंग्रजीत तो फक्त थट्टेचा प्रकार. आपल्याकडची पोरं हिंदीत 'टांग खींचना' म्हणतात, ते थट्टेच्या जवळ जातं. त्याने मराठीऐवजी हिंदीत विचार केला असता तर दोन रात्रींची झोप वाचली असती.

दुसरं, हात धुणं. 'वॉश युअर हँड्स ऑफ इट' म्हणजे जबाबदारी झटकून मोकळं होणं. बायबलमध्ये येशूला शिक्षा देताना पिलात या रोमन सुभेदाराने लोकांसमोर हात धुऊन आपण निर्दोष असल्याचं सांगितलं, त्यावरून. मराठीत वाहत्या गंगेत हात धुऊन घेणारा जबाबदारी झटकत नाही, फायदा उकळतो. आणि जो हात धुऊन मागे लागतो, तो तर पिच्छाच सोडत नाही. तीन हात, तीन स्वभाव. एखाद्या प्रकल्पाबद्दल 'वी हॅव वॉश्ड अवर हँड्स' असं कौतुकाने लिहाल तर पलीकडचा दुसरा ठेकेदार शोधायला लागेल.

तिसरं पाणी. 'वॉटर ऑफ अ डक्स बॅक' म्हणजे टीका झाली तरी अंगाला लागत नाही, बदकाच्या पाठीवरून पाणी ओघळावं तसं. शब्दकोशात त्यापुढे 'पालथ्या घड्यावर पाणी' दिलेलं सापडतं. पण पालथा घडा उपदेशाबद्दल आहे: कितीही शिकवा, आत काही जात नाही. बदकाचं इंग्रजीत थोडं कौतुकच असतं, घड्याचं कोणी करत नाही. अळवावरचं पाणी तर निराळंच, ते क्षणभंगुर. मुलं अळू आणि बदक एकत्र करतात, कारण दोन्हीवर थेंब टिकत नाही. दृश्य एकच आणि अर्थ दोन.

'बीट अबाउट द बुश'ला आपलं 'ताकाला जाऊन भांडं लपवणं' चांगलं बसतं, मुद्द्यावर न येणं या अर्थी. एवढाच फरक की ताकाला गेलेल्याला संकोच असतो. झुडपाभोवती काठ्या आपटणाऱ्याला तो असेलच असं नाही. शिकारीत पक्षी उठवायला झुडपं बडवायचे, तिथून हा आला. ब्रिटिश 'अबाउट' म्हणतात, अमेरिकन 'अराउंड'. दोन्ही बरोबर.

'इट्स रेनिंग कॅट्स अँड डॉग्स' म्हणावं का?

नको. अर्थ माहीत असू द्या, मुसळधार पाऊस. पण आजचा इंग्रज तसं क्वचितच म्हणतो; 'इट्स पोअरिंग' किंवा 'इट्स बकेटिंग डाउन' म्हणतो. शाळेच्या पुस्तकांनी ही मांजरं-कुत्री अजून जिवंत ठेवली आहेत. गवताच्या छपरात झोपलेले प्राणी पावसात घसरून पडायचे म्हणून हा वाक्प्रचार, ही फॉरवर्ड होत फिरणारी गोष्ट बनावट आहे. खरं मूळ ठामपणे सिद्ध झालेलं नाही, सतराव्या शतकापासून तो वापरात आहे एवढं खरं. आणि विचित्र वाटत असेल तर आपलं 'मुसळधार' पुन्हा ऐका. आकाशातून मुसळं पडताहेत.

'वन्स इन अ ब्लू मून' म्हणजे किती दिवसांनी?

क्वचित, फार क्वचित, एवढाच अर्थ. आपल्याकडे कपिलाषष्ठीचा योग म्हणतात तो. पण हा प्रश्न एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी विचारला होता, त्यांना आकडाच हवा होता. त्यानिमित्ताने जे हाती लागलं ते मला फार आवडलं.

एका इंग्रजी महिन्यात दोन पौर्णिमा आल्या तर दुसरीला हल्ली ब्लू मून म्हणतात. ही व्याख्या पुढे आली ती १९४६ साली एका अमेरिकन खगोल मासिकातल्या चुकीतून. वाक्प्रचार त्याच्या कितीतरी आधीचा. पण चूक रुळली. आता हिशेब बघा. पौर्णिमेपासून पौर्णिमेपर्यंत साडेएकोणतीस दिवस. असे बारा महिने झाले की ३५४ दिवस, वर्षाला अकरा कमी. हे अकरा-अकरा साठत जातात आणि साधारण पावणेतीन वर्षांत एक जादा पौर्णिमा इंग्रजी कॅलेंडरात घुसते. आपल्या पंचांगात हेच अकरा दिवस साठले की काय होतं? अधिक मास! १९ वर्षांत सुमारे सात अधिक मास आणि जवळजवळ तितकेच ब्लू मून. २०२३ साली अधिक श्रावण आला, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दोन पौर्णिमाही होत्या. इंग्रज ज्याला दुर्मीळ म्हणतो, त्याचं आपण जावयाला अनारसे देऊन रीतसर स्वागत करतो.

तेव्हा काटेकोर हिशेबात ब्लू मून काही फार दुर्मीळ नाही. कपिलाषष्ठीला भाद्रपद वद्य षष्ठी, मंगळवार, रोहिणी नक्षत्र, व्यतीपात आणि हस्तातला सूर्य असं सगळं एकत्र जुळावं लागतं. दुर्मीळपणात आपला योग सरस.

अधिक मासाचा विषय निघालाच आहे तर 'दुष्काळात तेरावा महिना' याला जवळचं इंग्रजी 'इट नेव्हर रेन्स बट इट पोअर्स', म्हणजे संकटं आली की एकापाठोपाठ येतात. त्यांचं संकट पावसाचं, आपलं पाऊस नसण्याचं. हवामान भाषेत किती खोल उतरतं!

क्रिकेटमधले वाक्प्रचार सोपे असतील ना? आम्ही तर लहानपणापासून खेळतो.

सोपे वाटतात. 'नॉक्ड मी फॉर सिक्स' घ्या. होळकरांच्या संघाने सी. के. नायडूंच्या नेतृत्वाखाली चार वेळा रणजी करंडक जिंकला, ते नायडू आपल्या डोक्यात असतात. त्यांनी १९२६ साली मुंबईत इंग्लंडहून आलेल्या एमसीसी संघाविरुद्ध १५३ धावा करताना ११ षटकार मारले. त्यामुळे षटकार म्हटलं की इंदूरकराला आनंदच होतो. एका मुलीने बढतीची बातमी कळवताना लिहिलं, 'धिस न्यूज हॅज नॉक्ड मी फॉर सिक्स.' पलीकडून सांत्वन आलं. कारण या वाक्प्रचारात तुम्ही नायडू नसता. तुम्ही चेंडू असता. जबर धक्का बसला, कोलमडून गेलो, असा त्याचा अर्थ.

'स्टिकी विकेट' म्हणजे अडचणीची परिस्थिती. पूर्वी खेळपट्टी झाकत नसत; पाऊस पडून ऊन आलं की ती चिकट होई आणि चेंडू कसाही वळे-उसळे. 'बोल्ड ओव्हर' म्हणजे भारावून जाणं, यात त्रिफळा उडाला तरी आनंद आहे. 'हॅट ट्रिक' तर आता मराठीच झाली. १८५८ साली एच. एच. स्टीफन्सनने शेफील्डला लागोपाठ तीन बळी घेतले, तेव्हा त्याला वर्गणी काढून टोपी भेट दिली, त्यावरून. 'ही हॅड अ गुड इनिंग्ज' हे मात्र कौतुक म्हणून खेळाडूला सांगू नका. भरल्या वयात गेलेल्या माणसाबद्दल ते बोलतात, पिकलं पान गळालं अशा सुरात.

कंपनीतल्या मीटिंगमध्ये बोललेलं अर्धं डोक्यावरून जातं. काय करावं?

कारण ते क्रिकेट नाही, बेसबॉल आहे. अमेरिकन माणूस 'बॉलपार्क फिगर' मागतो तेव्हा त्याला ढोबळ आकडा हवा असतो. 'लेट्स टच बेस' म्हणजे पुन्हा थोडं बोलू. 'कर्व्हबॉल' म्हणजे अनपेक्षित अडचण, आपला गुगलीच. 'आउट ऑफ लेफ्ट फील्ड' म्हणजे ध्यानीमनी नसताना आलेलं. 'स्टेप अप टू द प्लेट' याचा ताटाशी काही संबंध नाही, जबाबदारी घ्यायला पुढे या, असं ते सांगतात. आमच्या एका मुलाला वाटलं होतं जेवायला बोलावताहेत.

या पाचांवर बरंच निभतं. वापरायची घाई करू नका, ओळखता आले तरी पुरे.

इंग्रजीने आपल्याकडून काही घेतलं का?

घेतलं, आणि एक तर थेट नाशिकजवळच्या देवळालीतून. विलायतेत अजूनही कोणी वेड्यासारखं वागायला लागलं की 'ही हॅज गॉन डूलॅली' म्हणतात. ही डूलॅली म्हणजे आपली देवळाली. नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई तिथल्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत पडून राहायचे. जहाजं ठरावीक हंगामातच सुटायची, त्यामुळे महिनोन्‌महिने काम नाही, वर ऊन आणि कंटाळा. माणसं भ्रमल्यासारखी वागायची. मूळचा शब्द 'डूलॅली टॅप' असा होता, आणि त्यातला 'टॅप' म्हणजे दुसरंतिसरं काही नसून आपला ताप. वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकावरची झोपही उडते. शब्द हलक्याफुलक्या बोलण्यातला आहे, खऱ्या मनोरुग्णाबद्दल वापरू नये.

'हॅव अ डेको' म्हणजे जरा बघ, हा 'देखो'. 'कुशी जॉब' म्हणजे आरामाची नोकरी, तो खुशीतून गेला. इंग्रज शिपाई मायदेशाला 'ब्लायटी' म्हणत, ते 'विलायती'चं रूप. असे शब्द छावण्यांमधून गेले. १८१८च्या मंदसौर तहानंतर वसलेली आपली महूची छावणीही त्याच काळातली, त्यामुळे महूचे विद्यार्थी हे भाग विशेष मान ताठ करून ऐकतात.

'किक द बकेट' चुकीचं आहे का? पुस्तकात तर दिलंय.

चुकीचं नाही. १७८५ साली लंडनला छापलेल्या गावरान इंग्रजीच्या एका कोशातही ते आहे. प्रश्न पायरीचा आहे. मराठीत माणसाला देवाज्ञा होते, तो निवर्ततो, वारतो, जातो, मरतो, खपतो, गचकतो. शेजारच्या आजोबांच्या तेराव्याला 'आजोबा कधी गचकले?' असं कोणी विचारतं का? 'किक द बकेट' म्हणजे हे गचकणं. शोकसंदेशात 'पास्ड अवे' लिहा, बातमीसारखं सांगायचं तर सरळ 'डाइड'. एका मुलाने ऑफिसात रजेच्या अर्जात आजीसाठी बादली उडवली होती. रजा मिळाली, पण तो अर्ज सगळ्या मजल्यावर फिरला.

अर्थ पाठ करताना त्याच्याशेजारी एक खूण करा: कोणासमोर चालेल? मित्र, साहेब, सासरे. मी वहीत तीन रकाने आखायला लावते. मुलं कुरकुरतात, पण आखतात.

'किक द बकेट'ची आणखी एक खोड: त्यातले शब्द हलवता येत नाहीत. 'द बीन्स वर स्पिल्ड' चालतं, 'द बकेट वॉज किक्ड' म्हटलं की खरीच बादली लाथाडली जाते. आपल्या पोटात कावळ्यांऐवजी चिमण्या ओरडल्या तर कसं वाटेल, तसंच.

नाटकाच्या आधी 'ब्रेक अ लेग' म्हणतात. हे अशुभ नाही?

उलट, अशुभ टळावं म्हणून म्हणतात. सरळ शुभेच्छा दिल्या तर दृष्ट लागेल, म्हणून उलटं बोलायचं. गोंडस बाळाच्या गालावर आपण काळी तीट लावतो, तीच युक्ती. इंदूरला मराठी नाटकांचे प्रयोग होतात, हौशी मंडळीही भरपूर; एकमेकांना खुशाल म्हणा. पण ऑपरेशनला निघालेल्या माणसाला म्हणू नका, आणि दुचाकीवरून परीक्षेला निघालेल्यालाही नको.

'कॅरी कोल्स टू न्यूकॅसल' याला मराठीत काय म्हणायचं?

न्यूकॅसल हे कोळशासाठी प्रसिद्ध बंदर. तिथे कोळसा घेऊन जाणं म्हणजे व्यर्थ खटाटोप. मी शिकवते: इंदूरला शेव नेणं. एकदा सांगितलं की कोणी विसरत नाही. रतलामचे विद्यार्थी असतील त्या दिवशी वर्गात पुढची दहा मिनिटं दुसरं काही होत नाही.

परीक्षेसाठी किती वाक्प्रचार पाठ करावे?

एसएससीत वाक्प्रचारांचे प्रश्न पर्यायी असतात, तिथे ओळख पुरते. जुन्या प्रश्नपत्रिका सोडवा, तेच तेच पुन्हा येतात. खजुरी बाजारात त्यांचे संच मिळतात. दिलेल्या पर्यायांत एक हमखास शब्दशः अर्थाचा असतो, तो आधी खोडा.

परदेशी जाणाऱ्यांच्या इंग्रजीची जी आयएल्ट्स परीक्षा असते, तिचं गणित निराळं. बोलण्याची परीक्षा ११ ते १४ मिनिटांची. गुण देण्याच्या निकषांत सातव्या बँडला कमी प्रचलित आणि 'इडिओमॅटिक' शब्दसंपत्तीचा उल्लेख आहे. तो वाचून क्लासवाले पन्नास वाक्प्रचारांचा कागद हातात ठेवतात आणि मुलं दर वाक्यात एक कोंबतात. परीक्षकाला ते पोह्यांवर जीरावन मसाल्याची अख्खी पुडी उपडी केल्यासारखं लागतं. 'इडिओमॅटिक' म्हणजे केवळ असे रंगीत वाक्प्रचार नव्हेत. 'हेवी रेन' म्हणायचं, 'स्ट्राँग रेन' नाही, 'मेक अ डिसिजन' म्हणायचं, हेही त्यातच येतं. चौदा मिनिटांत दोन-तीन वाक्प्रचार आपसूक आले तर उत्तम, नाही आले तरी जग बुडत नाही. निबंधात तर टाळाच.

वाक्प्रचारांच्या मूळ कथा खऱ्या असतात का?

अर्ध्याअधिक नंतर रचलेल्या. कथा जितकी चित्तथरारक, तितका माझा संशय जास्त. 'टर्न अ ब्लाइंड आय' म्हणजे कानाडोळा करणं. १८०१च्या कोपनहेगनच्या लढाईत माघारीची खूण दिसू नये म्हणून इंग्रज आरमाराच्या नेल्सनने दुर्बीण आंधळ्या डोळ्याला लावली, ही त्याची प्रसिद्ध गोष्ट. 'बाइट द बुलेट'ला काही जण १८५७च्या काडतुसांशी जोडतात, ते मला ओढूनताणून वाटतं. तिथे दाताने तोडायचं होतं ते काडतुसाचं कागदी टोक, गोळी नव्हे. लक्षात ठेवायला गोष्ट कामाला येत असेल तर येऊ द्या. वादात पैज मात्र लावू नका.

समोरच्याने वाक्प्रचार वापरला आणि कळलाच नाही तर?

सरळ विचारा. 'सॉरी, व्हॉट डज दॅट मीन?' यात कमीपणा नाही. कळल्यासारखी मान हलवली की पुढचं सगळं संभाषण हुकतं.

हा प्रश्न विचारणाऱ्या आजी कॅनडाला जाऊन आल्या. सहा वर्षांच्या नातवाला त्यांनी विचारलं, 'तुला हे कोडं जमेल का रे?' तो म्हणाला, 'पीस ऑफ केक, आजी!' म्हणजे हा तर हातचा मळ. कोडं सुटलं, आजी ताटली घेऊन बसून राहिल्या. शेवटी त्यांनी माझ्या शिकवणीला स्मरून विचारलं, 'व्हॉट डज दॅट मीन?' नातवाने समजावलं आणि मग त्या दोघांनी मिळून आईकडे खरोखरचा केक मागितला. परत आल्यावर आजींनी मला तक्रार केली की हा वाक्प्रचार पहिल्याच आठवड्यात शिकवायला हवा होता. आता तो पहिल्या आठवड्यात असतो.